पातळ रक्ताच्या बहिणी

"थुंकायचं नाही. काहीही झालं तरी थुंकायचं नाही," दाताचे डॉक्टर म्हणाले.

खुर्चीत आडव्या झालेल्या धाकटीने मान डोलावली. तोंडाने उत्तर द्यायची सोय नव्हती. तोंडात पट्टीची जाड घडी होती, घडीखाली काल सकाळी काढलेल्या दाढेचा खड्डा होता, आणि त्या खड्ड्यातून आज दुपार झाली तरी रक्त येतच होते.

"ती कुठे थुंकतेय?" थोरली शेजारून म्हणाली. "काल सांगितलंत तेव्हापासून एकदाही थुंकली नाही. सगळं गिळतेय. गिळून गिळून पोट बिघडलं बिचारीचं."

"हे यांनाच सांगू द्या."

"तिला कसं बोलता येईल? तुम्हीच तर तोंड बंद केलंत. मला विचारा. मी थोरली बहीण आहे."

डॉक्टरांनी घडी काढली, आत डोकावले, नवी घडी ठेवली आणि अंगठ्याने दाबून घड्याळाकडे बघत उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी पोत्याने दाढा काढल्या होत्या. रक्त थांबायला फार तर अर्धा तास लागायचा. ही दाढ मात्र काढल्यावर जास्त त्रास देत होती.

"काही गरम खाल्लं होतं का?"

"गार सूप. तेसुद्धा मी फुंकर घालून दिलं."

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?"

"गोळी कशाला? आमचं मुळातच पातळ. आमच्या घरात सगळ्यांचं पातळ आहे," थोरली म्हणाली, आणि तेही अशा सुरात की जणू घरातले सगळे उंच किंवा सगळे गोरे आहेत.

डॉक्टरांचा अंगठा जागच्या जागी कडक झाला. "हे काल का नाही सांगितलंत?"

"काल तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही विचारलंत, साखर आहे का, बीपी आहे का. नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, उत्तम."

दार किलकिले होते. बाहेर बाकावर चार पेशंट बसले होते, आणि धाकटीच्या मांडीवरचा रक्ताळलेला टॉवेल त्यांना नीट दिसत होता. गाल सुजलेल्या एका गृहस्थांना अचानक कुठेतरी जायचे आठवले. त्यांच्यामागून एक बाई उठल्या, "माझी आता तशी ठणकत नाहीये," असे भिंतीला सांगून निघून गेल्या. उरलेले दोघे एकमेकांकडे बघून एकदमच उठले. डॉक्टरांनी ते सगळे पाहिले. त्यांना काहीच करता येईना, कारण अंगठा अडकलेला होता.

"रक्ताच्या डॉक्टर आहेत, माझ्या ओळखीच्या," ते शेवटी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता जा. मी फोन करतो. आणि पुढच्या वेळी..." पुढच्या वेळी काय, ते त्यांनी सांगितले नाही. पुढची वेळ यावी अशी त्यांची इच्छा दिसत नव्हती.

धाकटी चोपन्न वर्षांची होती आणि आजही घरात, शेजारात, दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची धाकटीच होती. बसस्थानकावर मात्र तिला आवाजवाल्या बाई म्हणत. तीस वर्षे ती तिथल्या काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावरून सुटणार ते सांगत होती. आवाज असा स्वच्छ, की लोक घड्याळावर नाही पण तिच्यावर विश्वास ठेवत. घरी आल्यावर हाच आवाज कुठेतरी टांगून ठेवल्यासारखा गप्प होई. घरातले बोलणे थोरलीच्या खात्यात होते. थोरली विधवा, शाळेतली निवृत्त शिक्षिका. मुलगा परगावी नोकरीला. वर्गात पन्नास पोरांना जेवढे बोलायची सवय, तेवढे ती आता एकट्या धाकटीशी बोले.

धाकटीच्या नाकातून लहानपणापासून रक्त वाहायचे. शाळेत फळ्यासमोर वाहायचे, फोटो काढताना वाहायचे. एकदा तर माइकसमोर वाहिले. "फलाट क्रमांक चारवरून सुटणारी गाडी..." एवढे म्हणून तिने नाक दाबले ते बराच वेळ सोडता आले नाही. वाक्य अर्धेच राहिल्यामुळे प्रवासी चढेनात, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसला, आणि मागच्या दोन गाड्या खोळंबल्या. शेवटी साहेब स्वतः काचेवर टकटक करायला आले. तेव्हापासून ती फक्त गडद तपकिरी ओढणी वापरू लागली.

अंगावर निळेकाळे डाग तर कायमचे. टेबलाला हात लागला की डाग, पिशवीचा बंद टेकला की डाग. नव्या शेजारणीला वाटले, थोरली हिला मारते. तिने एकदा दबक्या आवाजात धाकटीला विचारलेसुद्धा. हे थोरलीच्या कानावर गेले तेव्हा तिने शेजारणीच्या दारात जाऊन स्वतःच्या दोन्ही बाह्या वर केल्या आणि आपले डाग दाखवले. त्यानंतर शेजारणीचे मत झाले की दोघी एकमेकींना मारतात.

दर महिन्याचे ते दिवस धाकटीने कसे काढले, ते तिचे तिला ठाऊक. रजा संपून जायच्या, चेहरा पांढराफटक पडायचा. थोरली म्हणायची, "आपल्यात असंच असतं." ह्या वाक्यावर घरातल्या सगळ्या चौकशा संपत. डॉक्टरकडे जायचा प्रश्नच नव्हता. आपल्यात असते ते दाखवायला डॉक्टर कशाला?

रक्ताच्या डॉक्टर वयाने लहान होत्या. इतक्या लहान, की थोरलीने आत शिरल्या शिरल्या, "मोठ्या डॉक्टर कधी येतील?" असे विचारले. "मीच," त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. चूळ भरून तोंडात धरायचे एक औषध दिले, गोळ्या दिल्या, रक्ताच्या नळ्या भरून घेतल्या. संध्याकाळपर्यंत दाढेचा खड्डा शांत झाला. "आठवड्यानं रिपोर्ट घेऊन बोलू. तोवर यांनी तोंडाला आराम द्यायचा."

तो आठवडा बसस्थानकाला जड गेला. धाकटीच्या जागी वॉचमन बसला. त्याचा आवाज दणदणीत होता, पण तो फलाट आणि गाडी यांची गल्लत करी आणि चूक लक्षात आली की माइक चालू ठेवूनच स्वतःला शिव्या देई. एक लग्नाला निघालेले कुटुंब भलत्याच गावी पोहोचले. साहेबांनी धाकटीला निरोप पाठवला, लवकर बरे व्हा.

आठवड्याने दोघी पुन्हा डॉक्टरांसमोर बसल्या. धाकटीला आता बोलता येत होते, पण थोरलीने पुढची खुर्ची घेतली होती.

"प्लेटलेट किती आहेत?" थोरलीने पहिलाच प्रश्न टाकला. शेजारच्या मुलाला ताप आला होता तेव्हापासून तिला हा शब्द माहीत होता.

"भरपूर आहेत."

"बघ!" थोरली धाकटीकडे वळली. "मी म्हणत होते ना, काही झालेलं नाही. उठ."

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "नुसत्या प्लेटलेट असून भागत नाही. रक्तवाहिनीला चीर पडली की त्या धावत येतात, चिरेला चिकटतात, एकमेकींना चिकटतात, आणि तात्पुरतं बूच बसतं. पण ते कच्चं. मग रक्तातले दुसरे घटक जागे होतात. फॅक्टर म्हणतात त्यांना. एकानं दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि हे सगळं काम त्या प्लेटलेटच्याच अंगावर बसून चालतं. शेवटी बारीक धाग्यांची जाळी विणली जाते आणि ती ते कच्चं बूच आवळून पक्कं करते."

"किती आहेत हे फॅक्टर?"

"आकडे तेरापर्यंत जातात. पण सहा नंबर नाही."

"का?"

"पूर्वी दिला होता. मग कळलं की तसा वेगळा काही नाहीच. आकडा तसाच राहिला."

"म्हणजे तुमच्याकडेही भोंगळ कारभार आहे तर," थोरली समाधानाने म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "यांच्यात बाकी सगळं जागेवर आहे. एकच कमी आहे. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर."

"विलायती ब्रँड?"

"विलेब्रँड. माणसाचं नाव आहे. त्यांनी हा आजार शोधला."

"मग त्यांचं आमच्यात काय काम?"

"त्यांचं नाही हो, त्या घटकाचं. त्याला दुहेरी काम आहे. प्लेटलेटना चिरेपाशी धरून ठेवायचं, आणि आठ नंबरच्या फॅक्टरला रक्तातून सांभाळून न्यायचं. सोबत नसली की आठ नंबर वाटेतच संपतो. म्हणून हा एक कमी पडला की प्लेटलेटही अडतात आणि फॅक्टरही."

धाकटीने घसा साफ केला. "म्हणजे गाडी आली, प्रवासीही वेळेवर आले, पण धरायला दांडाच नाही. आणि कंडक्टर वाटेत उतरून गेला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "तुम्ही त्या आहात! 'प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी!' अहो, मी रोज ऐकते तुम्हाला. गेला आठवडा कोण बसलं होतं? मी परवा दोनदा चुकीच्या गाडीत चढले."

"वॉचमन," धाकटी लाजून म्हणाली.

थोरलीला संभाषण आपल्या हातून सुटत असलेले आवडले नाही. "मग यावर औषध?"

"आहे. रोज नाही लागणार. दात काढायचा असला, ऑपरेशन असलं, की आधी सांगायचं. शरीर हा घटक थोडा आतच साठवून ठेवतं. तो बाहेर काढणारं इंजेक्शन मिळतं. ते पुरलं नाही तर बाहेरून फॅक्टर देता येतो. मुख्य म्हणजे माहीत असायला हवं." डॉक्टरांनी पेन उचलले. "हे रक्ताच्या नात्यातून येतं. घरात आणखी कुणाला त्रास?"

"मला. पण माझं बेताचं आहे."

"मुलं?"

"एक. मुलगा. बाळंतपण झकास झालं. अकराव्या दिवशी मात्र असं रक्त सुटलं की उचलून दवाखान्यात नेलं. चार बाटल्या चढवल्या."

"आणि तुमची आई?"

"आई नाही. हिला दहा दिवसांची ठेवून गेली."

"कशानं?"

"आत्यानं मारलं," थोरली म्हणाली.

पेन पुन्हा थांबले. डॉक्टरांनी धाकटीकडे पाहिले. धाकटी मांडीवरच्या ओढणीचे टोक सारखे करत होती. हे वाक्य ती जन्मापासून ऐकत आली होती.

"काढा पाजला," थोरली पुढे बोलू लागली. ते इतक्या वेळा सांगून झाले होते की पाठ केलेल्या धड्यासारखे येत होते. "आईचंही बाळंतपण झकास झालं होतं. उठत होती, हसत होती. मी दहा वर्षांची होते, माझी वेणी घातली होती तिनं त्या सकाळी. दुपारी आत्यानं वाटीभर काढा करून आणला. तासाभरात रक्त सुटलं ते थांबलंच नाही. दिवेलागणीच्या आत आई गेली. बाबांनी तिथल्या तिथे आत्याला घराबाहेर काढलं. सख्ख्या बहिणीला. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव घेत नाहीत."

डॉक्टरांनी हळूच विचारले, "तुमच्या बाळंतपणात तुम्ही काढा घेतला होता?"

"मी? वेड लागलंय का मला? काढा काय, काढ्याचं पातेलं घरात येऊ दिलं नव्हतं! सासूबाईंशी भांडले मी त्यावरून."

"आणि तरी अकराव्या दिवशी..."

"तरी अकराव्या दिवशी..." थोरलीने सुरुवात केली आणि ती थांबली.

खोलीतला पंखा फिरत होता. धाकटीने बहिणीकडे पाहिले. थोरलीचे वाक्य अर्धे राहिलेले तिने आजवर पाहिले नव्हते.

"गर्भारपणात हा घटक आपोआप वाढतो," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून बाळंतपण सुरळीत होतं, सगळ्यांना वाटतं सुटलो. नंतर तो उतरत जातो. आठ-दहा दिवसांत, कधी आणखी थोड्या दिवसांनी, पहिल्या जागी येतो. आणि तेव्हा रक्त सुटतं. तुमच्या आईंना आता तपासता येणार नाही, त्यामुळे मी शपथ घेऊन काही सांगणार नाही. तुमचं रक्त मात्र बघू या. हात पुढे करा."

थोरलीने हात पुढे केला. सुई टोचताना ती एक शब्दही बोलली नाही, आणि डॉक्टरांना तिची काळजी वाटू लागली.

तिचा रिपोर्ट आला तो धाकटीच्या रिपोर्टाची जुळी बहीण असल्यासारखा होता.

त्यानंतर थोरली गप्प झाली. पहिल्या दिवशी धाकटीला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी शेजारीण बघून गेली, "घरात कुणी नाही का? आवाज नाही म्हणून आले." तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ नव्हते आणि भातात दुप्पट होते. धाकटीने दोन्ही कालवून खाल्ले आणि मग पन्नास वर्षांत कधी केले नव्हते ते केले. जेवणाच्या टेबलावर ती स्वतःहून बोलली.

"ताई, जाऊ या आपण."

"कुठे?"

"तुला माहितीय कुठे."

"ती असेल का अजून?"

"आहे. तू दर वर्षी कुणाकुणाला विचारतेस आणि नाक मुरडतेस. आहे म्हणून तर मुरडतेस."

थोरलीने ताटातले बोट थांबवले. "आणि तिनं दारातूनच हाकललं तर?"

"हाकलू दे. तिचा हक्कच आहे."

आत्या टेकडीपलीकडे राहत होती. तिथली गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटे. धाकटीने त्या गाडीची घोषणा तीस वर्षे रोज केली होती, पण स्वतः त्या गाडीत ती आज पहिल्यांदा बसली. आत वॉचमनचा आवाज घुमला, "फलाट दोन... नाही नाही, दोनच." थोरली खिडकीशी बसून ओठ हलवत होती. ती भाषण तयार करत होती.

आत्याचे बटणांचे दुकान होते. दुकान म्हणजे एका अरुंद गल्लीतली आणखी अरुंद खोली. तिन्ही भिंतींवर छपरापर्यंत छोटे खण, प्रत्येक खणावर नमुन्याचे एकेक बटण शिवलेले. मधल्या उंच स्टुलावर पांढऱ्या केसांची, वाळक्या अंगाची एक म्हातारी बसली होती. समोर कोट हातात घेऊन एक गिऱ्हाईक उभे होते. कोटाचे एक बटण तुटले होते आणि त्याच्या जोडीचे शोधणे चालू होते.

थोरली पायरीवर उभी राहिली. दहाव्या वर्षी पाहिलेला चेहरा तिने ओळखला. नाक तेच होते, बाबांचे. आपले भाषण ती त्याच क्षणी विसरली.

"आम्ही... आम्ही माफी मागायला आलोय," ती म्हणाली.

"माप आणलंय का?" म्हातारीने मान वर न करता विचारले.

"माप नाही. माफी."

"मापाशिवाय मी देत नाही. मग बदलून मागायला येतात."

"त्यांना कमी ऐकू येतं," कोटवाले गृहस्थ म्हणाले. "मोठ्यानं बोला."

थोरलीने मोठ्याने बोलायचा प्रयत्न केला. पन्नास पोरांचा वर्ग गप्प करणारा तो आवाज, पण आज तो गळ्यातच फाटला. "माफी!" ती ओरडली आणि एकदम रडू लागली. म्हातारीने चष्मा वर केला. "रडताय कशाला? सापडेल की बटण."

मग धाकटी पुढे झाली. तिने ओढणी सारखी केली, हात पोटाशी धरले, एक श्वास घेतला, आणि तिचा कामावरचा आवाज बाहेर आला. स्वच्छ, सावकाश, शब्द न् शब्द सुटा.

"आत्या. आम्ही तुमच्या भावाच्या मुली. ही थोरली, मी धाकटी. आमची आई तुमच्या काढ्यानं गेली नाही. तिच्या रक्तात एक घटक कमी असावा, असं डॉक्टर म्हणतात. आमच्या दोघींच्या रक्तात तो कमी आहे. तपासून घेतलंय. तुमची काही चूक नव्हती. चूक आमच्या घराची झाली."

इथे तिचा श्वास संपला, आणि श्वास संपला की तोंडात जे वाक्य आपोआप येते ते आले.

"झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

गल्लीतले सगळे थांबले होते. समोरच्या चप्पलवाल्याने हातोडी हवेतच धरली होती. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

आत्याने उघडा खण आत ढकलला. मग म्हणाली, "उशीर बराच झाला."

"हो," धाकटी म्हणाली.

"आत या. पायरीवर उभं राहून गिऱ्हाइकांची वाट अडवू नका."

आत जागा नव्हती. कोटवाल्या गृहस्थांनी बाहेर निघायला हवे होते, पण ते एका कोपऱ्यात कोट छातीशी धरून उभे राहिले. अर्धवट ऐकून जाणे त्यांच्याच्याने होईना.

"कोणता घटक म्हणालीस?" आत्याने विचारले.

थोरलीने डोळे पुसले. समजावून सांगायचे म्हटल्यावर तिच्या अंगात जीव आला. "विलायती... विलेब्रँड. प्लेटलेट धावत येतात ना आत्या, तर त्यांना हा धरतो. आणि आठ नंबरला पण हाच घेऊन जातो. सहा नंबर नाहीच आहे."

"कुणाचा सहा नंबर? माझ्याकडे सहा नंबरची बटणं आहेत."

"बटणं नाही गं, रक्तातला!" थोरली म्हणाली, आणि तिच्या तोंडून 'गं' गेले हे कळून ती गप्प झाली.

आत्याच्या ते लक्षात आले असावे. तिने खण पुढे ओढला, त्यात बोटे घातली. "हे तुमच्यात आईकडून आलं?"

"बहुतेक आईकडूनच."

"माझ्याकडून नाही ना?"

"नाही, नाही."

"नक्की विचारून घ्या. नाही तर तेही माझ्याच नावावर टाकाल."

कोटवाले गृहस्थ हसले आणि कुणीच हसले नाही म्हणून खोकले.

"काढ्यात होतं काय?" धाकटीने विचारले. हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता.

"आलं आणि मध. दुसरं काय असणार? तेसुद्धा प्यायली कुठे ती. एक घोट घेतला, म्हणाली, वन्सं, तिखट झालाय, आणि वाटी बाजूला ठेवली. वर मला हसली." आत्या बटणे चाचपत राहिली. "मी सांगितलं तुझ्या बाबाला. दाराबाहेरून सांगितलं. वाटी बघ म्हटलं, भरलेली आहे. त्यानं दार उघडलं नाही. त्याला कुणावर तरी रागवायचं होतं. देवावर रागवला असता तर देव काही दाराशी उभा नव्हता. मी होते."

थोरलीला उशाशी ठेवलेली ती वाटी चांगली आठवत होती. भरलेली की रिकामी, हे मात्र तिने कधी आठवून पाहिले नव्हते.

"आत्या, तू आम्हाला..." ती म्हणाली. "म्हणजे, तुला जमेल का आम्हाला..."

"आजी, करून टाका हो माफ," कोटवाले गृहस्थ कोपऱ्यातून म्हणाले.

"तुम्ही कोटाचं बघा," आत्या म्हणाली. "चोपन्न वर्षांचं एका दुपारीत उरकायला हे काय बटण आहे? बघू. विचार करीन. येत जा अधूनमधून." मग ती धाकटीकडे वळली. "तू जरा उजेडात ये."

धाकटी दाराशी सरकली. आत्याने चष्मा कपाळावर ढकलला, मग पुन्हा डोळ्यांवर घेतला, आणि तिची हनुवटी दोन बोटांत धरून चेहरा इकडेतिकडे वळवून पाहिला.

"त्या दिवशी तू माझ्या मांडीवर होतीस," ती म्हणाली. "तुझी आई आतल्या खोलीत, सगळ्यांची धावपळ, आणि तू भुकेनं लाल झालेली. दूध कोमट करून चमच्यानं पाजत होते. तू घेईनास. जीभ बाहेर काढायचीस आणि सगळं गळ्यावर ओघळायचं. दोनदा पुसलं मी. तिसरा चमचा भरला आणि तुझ्या बाबानं तुला माझ्या हातातून काढून घेतलं." तिने हनुवटी सोडली. "मग घेतलंस का दूध?"

"आजी, ती तर चांगली..." कोटवाले गृहस्थ सुरू झाले.

"जगली ते दिसतंय मला. दूध घेतलं का ते विचारतेय."

धाकटीला ते कसे माहीत असणार? तिने बहिणीकडे पाहिले.

"घेतलं," थोरली म्हणाली. "अंधार पडल्यावर. मी पाजलं. त्याच चमच्यानं."

"किती?"

"अर्धी वाटी."

"ओकली नाही?"

"नाही. झोपली मग."

"झोपली," आत्या म्हणाली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, खूप दुरून आणलेले सामान अखेर खाली ठेवल्यासारखे. मग स्टुलावर वळली आणि वरच्या रांगेतला खण ओढत गिऱ्हाइकाला म्हणाली, "दोन भोकांचं म्हणालात की चार?"